शमीखालची जागा

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षी आम्हाला कॉलेज नसायचं. ते अख्खं वर्ष एखाद्या ऑफिसात काम करायचं, हजेरीचे कागद भरून घ्यायचे, शेवटी सर्टिफिकेट आणायचं आणि मग पाचव्या वर्षाला बसायचं. याला सगळे नुसतं 'ट्रेनिंग' म्हणत. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी ओळखी काढून दक्षिण दिल्लीतली नावाजलेली ऑफिसं धरली. आमच्या घरी तशा ओळखी नव्हत्या. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला सरोजिनी नगरचं क्वार्टर, आणि ज्यांना ओळखत ते सगळे त्यांच्यासारखेच फायलींतले लोक. शेवटी कॉलेजच्या यादीतून मला गुडगावचं एक छोटं ऑफिस मिळालं. नव्या वसाहतींचे आराखडे करणारं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. रविवारच्या पेपरात पानभर जाहिराती यायच्या, हिरवळ, कारंजं, पोर्चमध्ये गाडी. आई त्या बघून म्हणायची, "हे नक्की गुडगावच आहे ना गं?" मी रोज तिथे जात होते आणि मला दिसायची ती मोहरीची शेतं, उडणारी माती, आणि मध्येच कुठेतरी उभारलेली एखादी मोठी कमान. कमानीच्या आत काहीच नसायचं.

सकाळी मुद्रिकेने, म्हणजे रिंग रोडच्या बसने, धौला कुआँपर्यंत, तिथून हरयाणा रोडवेजची बस. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे सर पन्नाशीच्या पुढचे, फाळणीच्या वेळी लहानपणी पलीकडून आलेले. बोलणं कमी, पण हात सुंदर. त्यांनी काढलेली रेघ बघत बसावी अशी असायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक जाड बांधणीची वही दिली आणि सांगितलं, "बेटा, जे जमिनीवर दिसेल ते या वहीत. झाड, विहीर, खांब, भिंत, बांध. आपल्या मनाने काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

एका बिल्डरने गावाबाहेरची बरीच शेतजमीन घेतली होती. तिची मोजणी करून नकाशा करायचा, मग त्यावर वसाहत आखायची, हे आमचं काम. मोजणीला माझ्याबरोबर एक चेनमन असायचा, म्हणजे मोजणीची साखळी धरणारा माणूस. चाळिशीतला, त्याच गावचा. त्याचीही थोडी जमीन त्यात गेली होती. एकदा मी विचारलं की वाईट वाटतं का, तर म्हणाला, "मॅडमजी, अभी तो नाप रहे हैं," आणि साखळी ओढत पुढे गेला. तो कामाला चोख होता. खुंटी ठोकायची म्हटलं की दोन घावात ठोकायचा.

म्हणून त्या दिवशी मला नवल वाटलं. थंडी नुकती सुरू झाली होती. जमिनीच्या पूर्वेच्या टोकाला एक मोठं, वाकड्या खोडाचं झाड होतं, गावातले त्याला जांटी म्हणत. झाडाच्या मागे एक उंचसखल तुकडा, कधीच नांगरलेला नाही असा. गवत, काटेरी झुडपं, बाकी काही नाही. मी झाडापासून अंतर काढून एका जागी खुंटी ठोकायला सांगितली. चेनमनने हातोडी खाली ठेवली.

"इथे नको, मॅडमजी."

"का?"

"दोन हात इकडे घ्या. काय फरक पडतो."

मी नवशिकी, त्यामुळे जास्तच काटेकोर. म्हटलं, फरक पडतो. त्याने मान खाली घातली, खिशातून बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. खुंटी मात्र ठोकली नाही. मला राग आला. हातोडी मी स्वतः उचलली. तेवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी बांधावरून सरळ आमच्याकडे चालत आली, भारा खाली टाकला, आणि माझं मनगट धरलं. तिच्या हाताची पकड अजून आठवते. कोरडी आणि घट्ट.

चेनमन म्हणाला, "ताई, छोड दे. यांना माहीत नाही."

हरयाणात ताई म्हणजे मोठी काकू. तिला गावात सगळेच ताई म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. तिचं हरयाणवी मी ऐकता ऐकता मनात मराठी करून घ्यायची, इथेही तसंच लिहिते.

"छोरी," ती म्हणाली, "इथे पोरं आहेत."

मला कळलं नाही. मी आजूबाजूला पाहिलं. मग तिने हाताने दाखवलं, अगदी छोटं माप, कोपरापासून बोटांपर्यंत. आणि मला कळलं.

तान्ह्या मुलांना त्या गावात जाळत नसत. ती या तुकड्यात पुरली जात, पिढ्यान्‌पिढ्या. दगड नाही, खूण नाही, नाव तर बहुतेकदा ठेवलेलंच नसे. पुरुष घेऊन यायचे, बायकांनी यायचं नाही, आणि परत गेल्यावर त्याविषयी बोलायचं नाही. ताईची दोन होती तिथे. एक नऊ दिवसांचं, एक सहा महिन्यांचं, दोन्ही एकाच जागी.

"तुम्ही आला नव्हतात, मग जागा कशी माहीत?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी चारा कापायला आले," ती म्हणाली. "माती ताजी दिसते ना. झाडापासून पावलं मोजली. सगळ्या अशाच मोजतात."

ती झाडाच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि चालली. सतरा पावलं, मग डावीकडे चार. थांबली. कसलीही शंका नसलेलं ते थांबणं होतं. मी खुंटी ठोकायला निघाले होते ती जागा तिथून हातभर लांब होती.

आता मी काय केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मी वही उघडली, टेप काढली आणि झाडाच्या खोडापासून तिच्या पायापर्यंतचं अंतर मोजलं. कोन घेतला. वहीत एक बारीक फुली काढली. चेनमन टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. ताईने विचारलं, "कागदावर आलं?" मी म्हटलं, आलं. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. फुलीवर तिने बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती आणखी तिघींना घेऊन आली. नंतरच्या आठवड्यात आणखी काही जणी. एक तर माझ्याच वयाची होती. तिची जागा गेल्या पावसाळ्यातली, अजून गवतही नीट उगवलं नव्हतं. त्या यायच्या, झाडाला पाठ लावायच्या, पावलं मोजायच्या, थांबायच्या. मी मोजायची. रडलं कुणीच नाही. माझ्या वहीत अकरा फुल्या झाल्या.

घरी मी ऑफिसचं काही ना काही रोज सांगायची. हेही सांगितलं, जेवताना, अगदी सहज. आई तव्यावर पोळी टाकत होती. ती पोळी तिने उलटली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा बाबा ताटावरून उठले, हात धुतले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांचं अर्धं जेवण ताटात तसंच होतं.

मला वाटलं, जेवताना असं बोलायला नको होतं. तसं मी म्हटलंही. आई म्हणाली, "नाही गं. तुझं काही नाही." आणि गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. बाबा ऑफिसला गेल्यावर आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात निवडायची मेथी होती. ती आत आली नाही.

"तुझ्या आधी एक होता," ती म्हणाली. "मुलगा. बासष्ट दिवसांचा."

वीस-एकवीस वर्षांची होते मी, आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. आईने ते उभ्या उभ्याच सांगितलं, मेथीची जुडी हातात तशीच. बाबांची दिल्लीला नुकतीच बदली झालेली, इथे ओळखीचं कुणी नाही. बाळाला ताप आला, दोन दिवसांत संपलं. शेजारच्या दोघांबरोबर बाबा त्याला घेऊन गेले. संध्याकाळी परत आले, आंघोळ केली. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"कसं विचारणार? त्यांचा चेहरा बघितला होतास का तू?"

मग ती म्हणाली, "त्या बायकांना बिचाऱ्यांना पावलं तरी माहीत आहेत."

पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर गुडगावला आली. कामाचा दिवस नव्हता, नुसतंच जायचं होतं. रोडवेजच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून बाहेर बघत राहिली. शेतातून चालताना मात्र झाड लांबून दिसल्याबरोबर थांबली.

"अगं, ही तर शमी," ती म्हणाली.

मी तोवर त्याला जांटीच म्हणत होते. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मराठीला अशी बरीच भोकं होती.

ताई बांधावर बसली होती. मी दोघींची ओळख करून दिली आणि येण्याचं कारण सांगायला शब्द शोधू लागले. आईने ते माझ्यावर सोडलंच नाही. ती ताईशेजारी खाली मातीत बसली, साडीची पर्वा न करता, आणि तिच्या त्या क्वार्टरातल्या हिंदीत म्हणाली, "मेरा भी एक था."

ताईने विचारलं, "किती दिवसांचा?"

"बासष्ट."

ताईने मान हलवली. त्यानंतर दोघी काय काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही, मी मुद्दाम थोडी लांब गेले होते. एकदा आईने हाक मारली. "अगं, कुंचीला हिंदीत काय म्हणतात?"

मला कुंची म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तसं सांगितल्यावर आईने पदर डोक्यावरून ओढून हनुवटीखाली धरला आणि ताईला दाखवलं. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारं ते टोपडं. निळ्या खणाची कुंची माझ्या आजीने पाठवलेली होती, आणि त्याला नेताना ती त्याच्या अंगावर होती. आई म्हणत होती, थंडी होती, म्हणून काढू नका म्हटलं. ताईने तिचा हात धरला. तीच पकड असणार.

घरी पोचलो तेव्हा बाबा आमची वाट बघत होते. "कुठे गेला होतात दोघी?"

आईने चपला काढता काढता सरळ सांगितलं, कुठे गेलो होतो आणि कशासाठी.

आमच्या घरात एक जुनी कुरबूर होती. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून मयूर विहारला हाउसिंग सोसायटी काढली होती. बाबांचं नाव पहिल्या यादीत होतं. फ्लॅट उभे राहायच्या आधी त्यांनी ते काढून घेतलं, कारण कधी सांगितलं नाही. सगळे सहकारी तिकडे राहायला गेले, आणि रिटायर झाल्यावर आपण कुठे जायचं, हा आईचा प्रश्न दर काही महिन्यांनी निघायचा. बाबा उत्तर द्यायचे नाहीत.

त्या रविवारी दुपारी ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "यमुनेपलीकडे नेलं होतं. तेव्हा सगळी शेतंच होती तिकडे. काकडी-खरबुजाची." मग म्हणाले, "सोसायटीची जागा बघायला गेलो, तेव्हा मला ओळखू येईना. तिथेच असेल, किंवा अर्धा मैल लांब. पण मला त्या घरात झोप लागली नसती."

आईने भांडण केलं नाही. नुसतं विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

काही दिवसांनी दोघं बसने मयूर विहारला जाऊन आली. मला नेलं नाही. नंतर आईने एवढंच सांगितलं की ते तासभर हिंडले, बाबा प्रत्येक वळणावर थांबायचे, आणि शेवटी एका शाळेच्या भिंतीशी उभं राहून म्हणाले, "इथे धर." ती म्हणाली, "धरलं मग."

हे सगळं घरी होत असताना ऑफिसात मी नकाशा शाईने चढवत होते. ट्रेसिंग पेपरवर, खाली पेन्सिलीचं काम ठेवून. अकरा फुल्या मी काढल्या, बारीक, एकसारख्या, आणि तुकड्याभोवती तुटक रेघ. बाजूला लिहिलं: बालदफन भूमी. स्टेन्सिल लावून, हिंदीत. सरांनी शीट उचलून खिडकीसमोर धरली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग पटवारीकडून आणलेली नोंदींची नक्कल काढली आणि ओळ दाखवली. सरकारी कागदात तो तुकडा पडीक म्हणून होता. बाकी काही नाही.

"सर, तुम्हीच म्हणाला होतात, काही गाळायचं नाही."

"जे दिसतं त्यातलं, म्हणालो होतो. इथे काय दिसतं?"

ते चिडले नव्हते. उलट आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, हे असं गेलं तर फाइल अडकेल. आणि अडकून काय होईल? दुसऱ्या कुणाकडून नकाशा करून घेतील. या दिल्लीत तू जिथे पाय ठेवशील तिथे खाली कुणी ना कुणी आहे." त्यांनी ड्रॉवरमधून दाढीचं अर्धं पातं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

ट्रेसिंगवरची शाई पुसून जात नाही, पात्याने खरवडावी लागते. पातं आडवं धरायचं, हलकेच, कागद फाटू द्यायचा नाही. मला ते चांगलं जमायचं. अकरा फुल्या मी माझ्या हाताने खरवडल्या. काळी बारीक पूड निघते, ती फुंकरून उडवायची. मी फुंकर मारली नाही. रुमालावर टिपून घेतली, का ते मला आजही सांगता येणार नाही.

ट्रेसिंगवरून अमोनियाची प्रिंट, म्हणजे निळी नक्कल, काढली तेव्हा खरवडलेल्या जागी अकरा पुसट डाग उमटले. सरांनी प्रिंटकडे पाहिलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "नवीन शीट घे. सगळं पुन्हा चढव." त्याला मला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत मी एक गोष्ट केली. वसाहतीत काही भाग मोकळा ठेवावाच लागतो, बागेसाठी. मी सरांना म्हटलं की ती बाग त्या तुकड्यावर दाखवू या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "ठेव. बाग कुठेही बसते." मी बाग आखली. शमीचं झाड राखलं, भोवती पार, लहान मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळे. इतकं मन लावून मी त्या वर्षात दुसरं काही काढलं नाही.

ताईला सांगायला मी मुद्दाम गेले. तिने विचारलं, "खोदणार नाहीत?"

"नाही. बाग असेल. मुलं खेळतील."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, पुढचे दोन दात नव्हते. "खेळतील तर बरं," ती म्हणाली. "यांना सोबत होईल." संध्याकाळपर्यंत ती बातमी गावात सगळ्या बायकांपर्यंत पोचली होती.

उन्हाळ्यात बिल्डरकडून आराखडा सुधारून आला. बाग दुसऱ्या टोकाला, विजेच्या मोठ्या तारांखाली गेली होती, कारण तिथे तसंही घर बांधता येत नव्हतं. शमीच्या जागी रस्ता, आणि मागच्या तुकड्यावर चार प्लॉट. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी बोललो त्यांच्याशी." खरंच बोलले असतील. ते खोटं बोलणारे नव्हते.

सुधारलेली शीटही मीच चढवली. चार प्लॉटांवर नंबर मी टाकले. काम सोडून जाता आलं असतं का? आलं असतं. वर्ष वाया गेलं असतं, एवढंच. पण वर्ष संपायला दोन महिने राहिले होते, आणि मी वीस वर्षांची होते, आणि मी गेले नाही.

शेवटच्या आठवड्यात काही खुणा तपासायला जमिनीवर जावं लागलं. कडक ऊन होतं. ताई शमीच्या सावलीत बसलेली. तिने मला ताकाचा पेला दिला. मी पीत असताना तिने विचारलं, "छोरी, बाग इथेच ना?"

चेनमन माझ्यामागे उभा होता. त्याने नवा नकाशा पाहिला होता, नव्या खुंट्याही त्यानेच ठोकायच्या होत्या. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"हो, ताई," मी म्हटलं. "इथेच."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रिकामा पेला परत दिला. चेनमन माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. बस आली तेव्हा त्याने हात जोडले आणि माझ्याकडे न बघता वळला.

सर्टिफिकेटावर सरांनी माझं कौतुक लिहिलं होतं. कामातली अचूकता, असे शब्द होते.

पाचवं वर्ष झालं, नोकरी लागली, मी दिल्लीतच राहिले. गुडगावच्या बाजूचं काम आलं की दुसऱ्या कुणाला तरी द्यायची, कारण विचारलं तर लांब पडतं म्हणायची. नकाशावर कुठेही मोकळा, काहीच न लिहिलेला तुकडा दिसला की मी त्यावर बोट ठेवून बसायची. सहकारी विचारायचे, काय राहिलं का तिथे? मी म्हणायची, नाही, बघत होते.

सातेक वर्षांनी महाराष्ट्र मंडळातल्या एका कुटुंबाकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. नवरा परदेशी कंपनीत, पुण्याहून आलेले, नवं घर. आईचे गुडघे धरले होते, ती म्हणाली तू जा. मी कार्डावरचा पत्ता वाचला. वसाहतीचं नाव वेगळं होतं, नंतर ठेवलेलं, पण खाली गावाचं नाव तेच होतं, आणि प्लॉटचा नंबर मी पुन्हा वाचला. तो आकडा मीच टाकला होता. त्यातल्या सातावर शाई किंचित पसरली होती, आणि ती मी पात्याने नीट केली होती.

मी गेले. न जाणं शक्य होतं, पण मला बघायचं होतं.

वसाहतीच्या फाटकावर गार्डच्या खाकी कपड्यांत चेनमन बसला होता. केस पिकलेले. त्याने मला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला. मी ताईची चौकशी केली.

"गेली, मॅडमजी. तीन वर्षं झाली."

"हे सगळं... तिने पाहिलं?"

तो थोडा वेळ रजिस्टरची पानं सरळ करत राहिला. मग म्हणाला, "झाड तोडलं त्या दिवशी आली होती. मग पाया खोदायला मशीन आलं तेव्हा तारेच्या बाहेर बसून राहिली, तीन दिवस. कुणाला काही बोलली नाही. नंतर कधी या बाजूला आली नाही."

"मशीनने..." मी म्हटलं.

"माती एकदम उचलतं ते," तो म्हणाला. "ट्रॉलीत भरली, रस्त्याच्या भरावात टाकली. कुणी बघत नाही."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," तो म्हणाला. त्याने रजिस्टर माझ्यापुढे केलं. "नाव लिहा, मॅडमजी. नियम आहे."

घर सुंदर होतं. पांढऱ्या फरशीचं, मोठ्या खिडक्यांचं. बायका पैठण्या नेसून आलेल्या, अत्तर, तिळगूळ, वाणाला स्टीलचे डबे. मी दिवाणखान्यात एका कोपऱ्यात बसले. झाड नव्हतं, पण रस्ता कुठल्या रेघेत गेलाय ते मला माहीत होतं, त्यामुळे झाड कुठे होतं तेही कळत होतं. नको म्हणत असताना मन मोजत गेलं. सतरा पावलं, डावीकडे चार. स्वयंपाकघराच्या दाराशी येत होती ती जागा. तिथे घरातली सून उभी राहून मसाला दुधाचे पेले भरत होती.

तिचं बाळ होतं चार महिन्यांचं. ते हातोहात फिरत फिरत माझ्याकडे आलं. कुणीतरी म्हणालं, "अहो घ्या ना, रडत नाही तो कुणाकडे." मी घेतलं. चांगलं वजन लागत होतं. त्याने माझं बोट धरलं आणि टक लावून बघत राहिलं. मला वाटलं आता मी काहीतरी बोलून जाईन, या घरभरच्या बायकांसमोर. त्यांना विचारेन, रात्री झोप लागते ना इथे. पण त्या सुनेने काय केलं होतं? तिने फक्त घर घेतलं होतं. मी बाळाला तिच्याकडे परत दिलं, कुंकू लावून घेतलं, वाणाचा डबा घेतला आणि निघाले.

फाटकातून बाहेर पडताना चेनमन दुसऱ्या एका गाडीचा नंबर लिहून घेत होता. त्याने वर पाहिलं नाही.

घरी आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. "कसं होतं गं घर?"

"छान आहे. हवेशीर."

"आणि ती बाग? त्याच बाजूला असेल ना कुठेतरी? तू आखलेली?"

तिच्यासाठी ती बाग कधीच हलली नव्हती. मी तिलाही सांगितलं नव्हतं.

"त्या बाजूला गेलेच नाही मी," मी म्हटलं. "उशीर झाला होता."

आई म्हणाली, "पुढच्या वेळी जा. ताईला माझा नमस्कार सांग." आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली, दुसऱ्या गुडघ्याला लावून दे म्हणून.